दोनशे पानी वही

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेल्यामुळे कित्येक दिवस बंद राहिला. त्या दिवसांत आमच्या कारखान्यात तयार माल पॅलेटवर तसाच पडून होता. खरे तर बाहेर पाठवण्यासारखा मालही त्या वर्षी कमीच होता. वाहनांची विक्री घसरली होती, १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ चे नियम लागू व्हायचे असल्यामुळे गाड्यांच्या कंपन्या जुन्या भागांची मागणी हात आखडून नोंदवत होत्या, आणि औद्योगिक वसाहतीतली तीन पाळ्यांत चालणारी यंत्रे एका पाळीवर आली होती. पूर ओसरला, रस्ता सुरू झाला, पण मागणी काही परतली नाही. सप्टेंबरच्या अखेरीस मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून, बसायला सांगून, डिसेंबरपर्यंत दुसरीकडे सोय बघावी असे सांगितले. मी तिथे १६ वर्षे काढली होती. तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन मी तिथे शिकाऊ म्हणून लागलो होतो आणि मशीन शॉपचा सुपरवायझर झालो होतो.

पुढच्या तीन महिन्यांत मी जी तयारी केली, ती आधी नोकरीसाठी म्हणून सुरू केली, मग व्यवसायासाठी म्हणून वळवली, आणि शेवटी माझ्या असे ध्यानात आले की दोन्हींची तयारी जवळजवळ एकच आहे. घर किती महिने थांबू शकते, आपल्याला नेमके काय येते आणि आपल्या शब्दावर विश्वास ठेवणारी माणसे कोण, या तीन गोष्टी ज्याला आकड्यांत आणि नावांत सांगता येत नाहीत, त्याने नोकरीचा अर्ज केला काय किंवा बँकेत कर्जाचा अर्ज केला काय, तो अंधारातच हात चाचपडत असतो. मला त्या वेळी यांतले एकही धड सांगता येत नव्हते. महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर घरखर्च लिहायला बसलो.

मी आकडा लिहिला २४,००० रुपये. पत्नीने तो वाचला, काही न बोलता स्वयंपाकघरातली दिनदर्शिका काढून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. दुधाचे लिटर, गॅसच्या टाकीची तारीख, भिशीचा हप्ता, मुलाच्या शिकवणीचे पैसे, हे सगळे ती वर्षानुवर्षे त्या चौकोनांत लिहीत आली होती, आणि मी मात्र त्या दिनदर्शिकेकडे सुट्ट्या पाहण्यापुरताच वळत होतो. आम्ही मागचे १२ महिने उलटून बेरीज केली. शाळेची वार्षिक फी, विम्याचे हप्ते, घरपट्टी, गौरी-गणपती, दिवाळी, जोतिबाची यात्रा, नात्यातल्या लग्नांचे आहेर, आईच्या गुडघ्याची औषधे, मोटरसायकलचे दोन टायर, असा वर्षातून एकदाच येणारा पण हमखास येणारा खर्च १२ ने भागून महिन्यात मिळवला, तेव्हा आकडा ३७,००० रुपयांवर गेला. एका बैठकीत माझा अंदाज १३,००० रुपयांनी चुकलेला निघाला. माझ्या पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया त्या रात्रीच्या बेरजेत आहे, आणि ती बेरीज पत्नीच्या हस्ताक्षरातल्या नोंदींवाचून झालीच नसती. हे मी कृतज्ञतेने लिहितो.

मग हाताशी काय आहे ते लिहिले. सलग ५ वर्षांपेक्षा जास्त नोकरी झालेली असल्यामुळे ग्रॅच्युइटी मिळणार होती. तिचे तेव्हाचे सूत्र सोपे होते, तरीही माझ्याबरोबरच्या कितीतरी जणांना ते ठाऊक नव्हते: शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि पुन्हा नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. माझे मूळ वेतन महागाई भत्त्यासह १९,५०० रुपये होते, त्यामुळे वर्षाला ११,२५० आणि १६ वर्षांचे १,८०,००० रुपये झाले. आवर्त ठेवीत १,१०,००० रुपये होते. भविष्यनिर्वाह निधीला हात लावायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले, कारण तो म्हातारपणाचा पैसा आहे आणि १० वर्षे भरल्यामुळे पुढे निवृत्तिवेतनाचा हक्कही त्या खात्याशी बांधलेला आहे. उरले २,९०,००० रुपये. ३७,००० ने भागले की आठ महिनेही होत नाहीत. पान उलटण्याआधी मी तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला: ७ महिने, २५ दिवस.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असते, म्हणून माणूस ते मागे ढकलतो, पण नोकरी हातात असतानाच ते उरकायला हवे, असे मी प्रत्येकाला सांगतो. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत माझ्या वडिलांचे नाव आणि माझी जन्मतारीख आधार कार्डाशी जुळत नव्हती, आणि ती दुरुस्ती मालकाच्या संमतीशिवाय होत नसल्यामुळे, कार्यालयातला कारकून ओळखीचा आणि रोज भेटणारा असतानाही, तिला सात आठवडे लागले. बाहेर पडल्यावर तेच काम करायला गेलो असतो, तर किती फेऱ्या झाल्या असत्या याची कल्पना करवत नाही. कंपनीचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि नव्या विम्यात जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणून तोही नोव्हेंबरमध्येच घेतला. पतअहवाल, म्हणजे आपल्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, मागवला, तेव्हा त्यात माझ्या नावापुढे एक थकलेले कर्ज दिसले. चुलतभावाच्या मोटरसायकलसाठी मी सहा वर्षांपूर्वी जामीन राहिलो होतो आणि त्याचे शेवटचे तीन हप्ते राहून गेले होते. आपल्याकडे जामिनाची सही ही नात्यातली रीत समजून केली जाते, पण बँकेच्या नोंदीत ती आपलीच जबाबदारी असते. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो रिझर्व्ह बँकेने दिलेला हक्क आहे, आणि कर्जाचा विचार मनात नसला तरी तो मागवून बघावा. चुलतभावाने हप्ते भरले, नोंद सुधारायला पुढे दोन महिने गेले.

पुढचे पान होते, मला काय येते. यावर मी चार संध्याकाळी घालवल्या आणि पहिल्या दोन संध्याकाळी जवळजवळ कोऱ्या गेल्या. माझा बायोडेटा एका ओळीत संपत होता: मशीन शॉप सुपरवायझर, १६ वर्षे. त्या १६ वर्षांत काय केले, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती आणि माझ्यावरही आली नव्हती. मग मी यंत्रांच्या क्रमाने आठवू लागलो. अमुक व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग यंत्रावर, गिअरबॉक्सचे हाउसिंग येत असे, त्याचे रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे भाग, शेकडा चारच्या आसपास होते आणि क्लॅम्पिंगची जागा बदलून फिक्स्चरला, म्हणजे भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाला, एक आधार वाढवल्यावर ते दीडच्या खाली आले. अमुक जॉबची सेटिंग बदलायला दोन तास लागत, ती आधीच यंत्राबाहेर तयारी करून ठेवण्याच्या पद्धतीमुळे ३५ मिनिटांवर आली. दोन टर्नर मी हाताखाली घडवले, ते आज स्वतः सेटर, म्हणजे यंत्र कामासाठी लावून देणारे, आहेत. लिहिता लिहिता माझ्या हे लक्षात आले की आठवणारी बहुतेक चांगली कामे फिक्स्चरची होती. यंत्र चालवण्यापेक्षा, कास्टिंग दर वेळी नेमक्या त्याच जागी आणि त्याच दाबाने घट्ट बसेल असा साचा रचण्यात माझे डोके चालत होते, आणि हे मला १६ वर्षांत कुणी सांगितले नव्हते, मीही स्वतःला सांगितले नव्हते. कंपनीची रेखाचित्रे किंवा कागद मी घेतले नाहीत, ते माझे नव्हते. काय अडले होते आणि ते कसे सुटले, एवढेच माझ्या शब्दांत उतरवले.

तरीही लिहिणे वेगळे आणि सांगणे वेगळे, हे मला चाकणच्या एका कंपनीतल्या मुलाखतीत कळले. समोरचे अधिकारी माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असावेत. त्यांनी रिजेक्शनबद्दल विचारले आणि मी सांगू लागलो, की आम्ही क्लॅम्पिंग बदलले, आम्ही आधार वाढवला, आम्ही चाचणी घेतली. त्यांनी शांतपणे विचारले, "यात तुम्ही स्वतः काय केलंत?" मी पुन्हा आम्ही म्हणालो. आपल्या घरांत मी मी करणे वाईट मानतात, चारचौघांत स्वतःचे काम स्वतःच्या तोंडाने सांगू नये अशी शिकवण लहानपणापासून असते, आणि ती शिकवण मला आजही चांगलीच वाटते. पण मुलाखत घेणाऱ्याला चाळीस मिनिटांत एका अनोळखी माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असतो, आणि आम्ही या शब्दामागे नेमका कोण उभा आहे हे त्याला दिसत नाही. त्यांनी पुढे पीपीएपीच्या, म्हणजे नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या, कागदांबद्दल आणि भाग मापाच्या मर्यादेत किती सातत्याने येतात ते दाखवणारा सीपीके हा आकडा काढण्याबद्दल विचारले, तेव्हा ते काम गुणवत्ता विभागाकडे असायचे, एवढेच मला सांगता आले. ती नोकरी मिळाली नाही. परतीच्या एसटीत मी वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिली, प्रत्येक कामापुढे माझा भाग आणि इतरांचा भाग वेगळा लिहिणे. दुसरी, सीपीके शिकणे. दुसरी ओळ पंधरा दिवसांत पुरी झाली, गुणवत्ता विभागातल्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत शिकवले. पहिलीला वेळ लागला, कारण ते वाक्य आरशासमोर नव्हे तर माणसासमोर म्हणावे लागते, आणि पत्नीने ते रोज रात्री ऐकून घेतले.

नावांच्या पानावर ४३ नावे झाली. त्यांपैकी मागच्या वर्षभरात ज्यांच्याशी मी कामाशिवाय बोललो होतो, अशी ११ निघाली. आपली ओळख म्हणजे आपल्या हुद्द्याची ओळख असते आणि हुद्दा सुटला की त्यातली किती उरेल, हे आधीच मोजलेले बरे. मी त्या ४३ जणांना फोन करून नोकरी मागितली नाही. मी डिसेंबरमध्ये मोकळा होतोय, फिक्स्चरच्या कामात मला रस आहे आणि अशा कामाची कुठे अडचण असेल तर मला पाहायला आवडेल, इतकेच सांगितले. यादीत मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटलेला माणूस सर्वांत उपयोगी ठरला. तो इन्सर्ट (धातू कापणारी बदलती पाती) आणि कटिंग टूल विकणारा विक्रेता होता. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कितीतरी शॉपमध्ये तो दर आठवड्याला जातो, कुणाकडे टूल जास्त खपते आहे म्हणजे काम वाढले आहे हे त्याला बिलावरून कळते, आणि कोण वेळेवर पैसे देतो हेही त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते.

याच सुमारास घरातून आणि मित्रांकडून स्वतःचे काहीतरी सुरू करण्याचा आग्रह होऊ लागला. माझे गाव कुंडलजवळ आहे, किर्लोस्करवाडीची शिट्टी ऐकत आम्ही शाळेत गेलो, त्यामुळे ती वाडी वसवणाऱ्या उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आमच्याकडे प्रत्येक वडीलधाऱ्याच्या तोंडी असते. ती गोष्ट सांगताना लोक १९१० साली माळरानावर उभ्या राहिलेल्या वाडीपासून सुरुवात करतात. मला त्याआधीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मुंबईत शिक्षकाची नोकरी करत असतानाच ते सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवत आणि भाऊ तिथे त्या विकत असे. पुढे लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो घ्यायला शेतकरी तयार होईनात आणि पहिले नांगर विकले जायला दोन वर्षे गेली. ती दोन वर्षे कशावर काढली, हा प्रश्न आमच्या गावात कुणी विचारत नाही. माझ्याकडे ७ महिने आणि २५ दिवस होते, म्हणून तो प्रश्न मला विचारावाच लागला.

यंत्र घ्यायचे तर कोणते, हे उघड होते. एका विक्रेत्याकडून व्हीएमसीचे कोटेशन आणले, करासकट सगळे धरून २८ लाख रुपये. पाव हिस्सा स्वतःचा घालायचा आणि २१ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घ्यायचे, तर हप्ता साधारण ४५,६०० रुपये होतो. स्वतःचे ७ लाख कुठून आणायचे, हा प्रश्न मी तात्पुरता बाजूला ठेवला, सासऱ्यांनी जमिनीवर काही देण्याची तयारी दाखवली होती. एका पाळीचा महिन्याचा खर्च मी असा मांडला: हप्ता ४५,६००, ऑपरेटर १८,०००, वीज १२,०००, शेडचे भाडे १५,०००, इन्सर्ट आणि कूलंट १०,०००, दुरुस्ती व विमा ५,०००. एकूण १,०५,६०० रुपये. महिन्याला २६ दिवस आठ तास म्हणजे २०८ तास, पण सेटिंग, मोजमाप, जॉब नसणे, वीज जाणे हे वजा केले तर विकता येण्याजोगे तास तीन चतुर्थांश, म्हणजे १५६. भागाकार केला की तासाला ६७७ रुपये पडतात. बाजारात मला सांगितला जाणारा दर ३५० ते ४०० रुपये होता. मी दोन पाळ्यांचा हिशेब केला. दोन ऑपरेटर ३६,०००, वीज २४,०००, टूल २०,०००, दुरुस्ती ६,०००, हप्ता आणि भाडे तेवढेच, एकूण १,४६,६०० भागिले ३१२ तास, म्हणजे ४७० रुपये. दोन पाळ्या भरभरून काम मिळाले तरी तासामागे ७० रुपयांची खोट, आणि यात माझा स्वतःचा पगार एक रुपयाही धरलेला नव्हता.

मग बाकीचे चालवतात कसे? हे विचारायला मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. आमच्या कंपनीची किरकोळ लेथची कामे मी जिथे देत असे, तिथले अण्णा साठी उलटलेले आहेत आणि त्यांच्या वडिलांच्या काळात त्याच गाळ्यात ऑईल इंजिनाचे भाग होत असत. कोल्हापूरचा फाउंड्री धंदा त्या इंजिनांवर वाढला, शेतात वीज पोहोचल्यावर इंजिनांची मागणी गेली आणि उद्यमनगराने गाड्यांच्या भागांकडे मोर्चा वळवला. अण्णांच्या घराने तो सगळा बदल अंगावर घेतलेला आहे. माझे आकडे त्यांनी चष्मा लावून ओळीने वाचले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

"साहेब, ह्यो हप्ता माझ्याकडं न्हाई. मशीन फिटून बारा वरसं झाली. गाळा आमचाच. दोन मशीनवर दोन पोरं उभी हायत घरचीच. मला साडेतीनशे परवडतोय, तुमाला कसा परवडंल?"

मी विचारले, मग नव्या माणसाने यात यावेच कसे?

"मशीन काय, पैसं दिलं की उद्या आणून उभं करत्यात. जॉब कोण देणार, त्याचं नाव सांगा आदी. आणि दिला तर पैसं कदी देणार, ते सांगा."

त्यांनी कपाट उघडून चलनांचा गठ्ठा दाखवला, त्यात चार-चार महिन्यांची येणी होती. बाजारातला दर कोण ठरवतो, हे मला त्या गाळ्यात उभे राहून समजले. ज्याचे कर्ज फिटले आहे, ज्याला भाडे नाही आणि ज्याच्या घरचीच माणसे यंत्रावर उभी आहेत, तो दर ठरवतो, आणि नव्याने कर्ज काढून आलेल्याला त्याच दराने उभे राहावे लागते. नवा माणूस तेच काम घेऊन आला तर तो पहिल्या दिवसापासून हरलेला असतो, त्याच्या कष्टांत काही उणे नसले तरी.

येण्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण नफ्यात असलेला छोटा धंदाही इथेच बुडतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरही थकलेली ही रक्कम ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी आधीच केलेली असावी, ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. पण एकाच मोठ्या ग्राहकावर जगणारा माणूस त्याच ग्राहकाविरुद्ध दाद मागायला जात नाही, हेही तितकेच खरे. उलट बिल काढले की जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, ग्राहकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्व तीन-चार महिन्यांच्या चालू खर्चाच्या रकमेला द्यायला हवे, आणि बहुतेकांच्या प्रकल्प अहवालात तीच रक्कम सर्वांत घाईने लिहिलेली असते.

अनुदानाच्या बाबतीतही मला तळमळीने सांगावेसे वाटते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ च्या सुधारित नियमांप्रमाणे उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला शहरात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला आणि इतर विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के अनुदान मिळते. योजना चांगली आहे, जिल्हा उद्योग केंद्रात तिची माहिती नीट मिळते, आणि तिच्यातले सक्तीचे उद्योजकता प्रशिक्षण तर मन लावून करावे. मात्र ते अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत ३ वर्षे तुमच्या नावावर बाजूला राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि तीन वर्षे उद्योग चालू असल्याचे पडताळल्यावर ते कर्जात वळते होते. ३५ टक्के मिळतात म्हणून यंत्र घेऊ, असे म्हणणारी मुले मला भेटतात तेव्हा पोटात खड्डा पडतो. त्यांना डोक्यावर उरणाऱ्या कर्जापेक्षा अनुदानाचा आकडा मोठा दिसत असतो.

वहीतली चार पाने समोर ठेवून डिसेंबरमध्ये आम्ही दोघांनी निर्णय घेतला. यंत्र घ्यायचे नाही. मला फिक्स्चर रचता येते, पण कोटेशन कसे काढायचे, डिझाइनचे पैसे वेगळे कसे लावायचे, ग्राहकाशी मुदत कशी ठरवायची, यांतले काहीच येत नाही, तर ते जिथे शिकता येईल अशी नोकरी धरायची. टूलविक्रेत्याने गोकुळ शिरगावच्या एका फिक्स्चर बनवणाऱ्या छोट्या शॉपचे नाव सांगितले. या वेळी मुलाखतीत मी म्हणालो, "आधाराची जागा मी शोधली, प्रोग्राम दुसऱ्याने केला, चाचणी आम्ही दोघांनी घेतली." पगार २७,००० ठरला, आधीच्यापेक्षा ७,००० ने कमी, आणि हुद्दाही खालचा. नातेवाइकांना ते रुचले नाही. त्यांच्या बोलण्याचा त्रास झाला, पण घरखर्चाच्या पानाखाली लिहिलेले होते की दरमहा किती कमी पडणार आणि ती तूट ठेवीतून किती महिने भरून निघणार.

जानेवारी २०२० मध्ये रुजू झालो आणि मार्चच्या अखेरीस टाळेबंदी आली. तीन महिने अर्धा पगार मिळाला. त्या काळात २१ लाखांचे कर्ज डोक्यावर आणि बंद पडलेले यंत्र शेडमध्ये असते, तर काय झाले असते, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही. ठेव वापरली गेली, पण संपली नाही.

पुढची दोन वर्षे मी पगारी नोकर म्हणून पूर्ण मनाने काम केले आणि त्याच वेळी शिकत राहिलो. धंद्याची तयारी करायची म्हणून मालकाच्या कामात चोरी करू नये, त्याचे ग्राहक गुपचूप जोडू नयेत, हे मला अगदी स्पष्टपणे म्हणायचे आहे. २०२२ च्या सुरुवातीला मी मालकांना सहा महिने आधी सांगितले की मी स्वतःचे सुरू करणार आहे आणि तुमच्या कोणत्याही ग्राहकाकडे दोन वर्षे जाणार नाही. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर त्यांनीच त्यांना नको असलेली, लहान लहान गेज (माप तपासायची साधने) आणि ड्रिल जिगची (छिद्र नेमक्या जागी पाडायच्या साधनांची) कामे माझ्याकडे वळवली.

उद्यमनगरात एक अर्धा गाळा भाड्याने घेतला. एक जुने मिलिंग यंत्र, एक जुने सरफेस ग्राइंडर, मोजमापाची साधने आणि संगणक, एवढ्यावर सुरुवात झाली. सर्वांत जास्त पैसे मी मोजमापाच्या साधनांवर घातले, कारण फिक्स्चर विकणारा माणूस खरे म्हणजे अचूकता विकत असतो. सुरू करतेवेळी हातात तीन ग्राहकांच्या लेखी ऑर्डर होत्या आणि पाच महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात होता. कोटेशनमध्ये डिझाइनची किंमत वेगळी दाखवतो आणि ४० टक्के रक्कम आधी घेतो. दोन मोठ्या कंपन्यांनी ती अट मानली नाही, त्यांचे काम मी सोडले, आणि ते सोडताना जीव खालीवर झाला.

आज माझ्याकडे तीन माणसे आहेत आणि अजूनही व्हीएमसी नाही. फिक्स्चरच्या प्लेटी मी अण्णांकडे आणि आणखी दोघांकडे जॉबवर्कला देतो. त्यांचा दर आता वाढून ४५० झाला आहे, पण कर्जाचे यंत्र माझ्या डोक्यावर असते तर मला पडला असता त्यापेक्षा तो अजूनही कमीच आहे. ज्या भागाकाराने मला यंत्र घेण्यापासून थांबवले, तोच भागाकार मला आता रोज स्वस्तात काम करून देतो, आणि अण्णांचे पैसे मी तीस दिवसांच्या आत चुकते करतो.

मागच्या आठवड्यात जुन्या कारखान्यातला एक सहकारी गाळ्यावर आला होता. वय ४२, नोकरी अस्थिर, हातात एका सीएनसी टर्निंग सेंटरचे कोटेशन आणि डोळ्यांत तीच घाई. मी त्याला वही दाखवली. त्याने यंत्राच्या तासाचा हिशेब असलेले पान मोबाइलवर टिपून घेतले आणि आपले आकडे तिथेच भरायला सुरुवात केली. मी त्याला थांबवून पहिले पान उघडून दिले आणि महिन्याचा घरखर्च विचारला. तो म्हणाला, साधारण वीस हजार असेल. वहिनींनाही हाच आकडा विचारलास का, असे म्हटल्यावर तो गप्प झाला. कोटेशन माझ्या टेबलावर ठेवून तो गेला आहे. रविवारी दोघेही येणार आहेत, आणि येताना घरची दिनदर्शिका आणायला मी सांगितले आहे.